वेन आकृती आणि संभाव्यता: सूत्र बरोबर असूनही उत्तर का चुकते? या चुका टाळा

वेन आकृतीवरचे, म्हणजे संच वर्तुळांनी दाखवणाऱ्या आकृतीवरचे, संभाव्यतेचे उदाहरण चुकते, तेव्हा बेरीज-वजाबाकी क्वचितच चुकलेली असते. उत्तरपत्रिकेत वर्तुळे नीट काढलेली असतात, सूत्रही बरोबर लिहिलेले असते, आणि तरीही गुण जातात. कारण दिलेला आकडा आकृतीच्या ज्या भागाचा होता त्या भागात तो बसवलेला नसतो, किंवा अपूर्णांकाच्या छेदस्थानी भलताच गट येऊन बसलेला असतो. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात संच नववीला आणि संभाव्यता दहावीला येत असल्यामुळे हे दोन्ही विषय विद्यार्थ्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. पुढे बारावीच्या, सीईटीच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नांत ते एकत्र आले की गोंधळ सुरू होतो.

पुढच्या बऱ्याचशा विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातील एका गावात १२० शेतकरी आहेत. त्यांपैकी ७० जणांची द्राक्षबाग आहे, ६५ जण कांदा घेतात आणि ३० जण दोन्ही पिके घेतात. हे आकडे केवळ सरावापुरते आहेत. मात्र द्राक्षबागेच्या जोडीला उन्हाळ कांदा लावणारे शेतकरी नाशिक जिल्ह्यात कुठेही भेटतील, त्यामुळे हे दोन गट एकमेकांत का मिसळतात हे इथल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

संपूर्ण वर्तुळाचा आकडा चंद्रकोरीत लिहिणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी दिसते: डाव्या वर्तुळाच्या मोकळ्या भागात ७०, उजव्या वर्तुळाच्या मोकळ्या भागात ६५ आणि मधल्या सामाईक भागात ३०. या तिघांची बेरीज १६५ होते, गावात तर १२० च शेतकरी आहेत. आता ‘यांपैकी एकही पीक न घेणारे’ किती, असे विचारले की विद्यार्थी १२० मधून १६५ वजा करतो, त्याला उणे ४५ मिळतात, आणि पुष्कळदा तो ऋणचिन्ह गुपचूप गाळून ४५/१२० असे उत्तर लिहून मोकळा होतो. वास्तविक ते ऋणचिन्ह हीच आकृती चुकल्याची सूचना असते. कोणत्याही भागातील घटकांची संख्या ऋण येऊ शकत नाही. ती तशी आली तर पुढे न जाता आकृतीकडे परत यावे.

‘७० जणांची द्राक्षबाग आहे’ या विधानातील ७० हा आकडा संपूर्ण वर्तुळाचा आहे आणि त्यात कांदाही घेणारे ३० जण आधीच मोजलेले आहेत. म्हणून आकृती नेहमी आतून बाहेर भरावी. आधी सामाईक भागात ३० लिहावेत, मग फक्त द्राक्षे घेणारे ७० − ३० = ४०, नंतर फक्त कांदा घेणारे ६५ − ३० = ३५, आणि शेवटी वर्तुळांच्या बाहेर १२० − १०५ = १५. संपूर्ण वर्तुळाचा आकडा लिहून ठेवायचाच असेल तर तो वर्तुळाच्या आत न लिहिता रेषेबाहेर, संचाच्या नावाशेजारी लिहावा, म्हणजे तो पुन्हा बेरजेत येत नाही.

यातले १५ लिहायला जागा हवी असेल तर विश्वसंचाचा, म्हणजे सगळ्या १२० शेतकऱ्यांचा, आयत काढावा लागतो. कच्च्या कामात अनेक जण तो काढतच नाहीत. आयत नसला की बाहेरचा गट डोळ्यांसमोर राहत नाही, दोन वर्तुळे म्हणजेच सगळे गाव असा समज होतो आणि एकूण संख्या १२० ऐवजी १०५ धरली जाते. चारही भाग भरल्यावर ४० + ३० + ३५ + १५ = १२० हा पडताळा करायला काही सेकंद पुरतात, तरीही तो वगळला जातो.

‘किंवा’, ‘फक्त’ आणि ‘दोन्ही नाही’

यादृच्छिक रीतीने एक शेतकरी निवडला, तर तो द्राक्षे किंवा कांदा घेणारा असण्याची संभाव्यता किती? गणितातील ‘किंवा’ मध्ये दोन्ही घेणारेही येतात, म्हणून उत्तर १०५/१२०, म्हणजे ७/८ आहे. बोलताना आपण ‘किंवा’ म्हणतो तेव्हा बहुधा दोहोंपैकी एकच अभिप्रेत असते, आणि त्या सवयीने ४० + ३५ = ७५ घेऊन ५/८ असे उत्तर काढले जाते. ७५ हे उत्तर ‘दोहोंपैकी नेमके एकच पीक घेणारा’ या प्रश्नाचे आहे. ‘किमान एक’ म्हणजे १०५ आणि ‘नेमके एक’ म्हणजे ७५, हा भेद प्रश्न वाचतानाच अधोरेखित करावा.

याहून फसवे आहेत ते ‘दोन्ही पिके न घेणारा शेतकरी’ हे शब्द. त्यांचा अर्थ ‘एकही पीक न घेणारा’ असा घेतला तर १५/१२०, म्हणजे १/८; ‘दोन्ही एकत्र न घेणारा’ असा घेतला तर १२० − ३० = ९०, म्हणजे ३/४. पहिला गट संयोग संचाचा (दोन्ही वर्तुळे मिळून होणाऱ्या भागाचा) पूरक संच, म्हणजे त्याच्या बाहेरचे सगळे, आहे, तर दुसरा छेद संचाचा (मधल्या सामाईक भागाचा). डी मॉर्गनचे नियम नेमके हाच फरक सांगतात. (हा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईत जन्मला होता.) प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘यांपैकी एकही नाही’ असे स्पष्ट लिहायला हवे, असे माझे मत आहे, पण तसे लिहिलेले नसेल तर विद्यार्थ्याने आपण कोणता अर्थ घेतला ते उत्तरात एका वाक्यात नोंदवावे.

अंश तोच, छेद निराळा

एकच ३० हा अंश घेऊन तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. गावातून एक शेतकरी निवडला, तर तो दोन्ही पिके घेणारा असण्याची संभाव्यता ३०/१२० = १/४. द्राक्ष बागायतदारांमधून एक जण निवडला, तर तो कांदाही घेणारा असण्याची संभाव्यता ३०/७० = ३/७. कांदा उत्पादकांमधून एक जण निवडला, तर त्याची द्राक्षबागही असण्याची संभाव्यता ३०/६५ = ६/१३. तिन्ही प्रश्नांत आकृतीचा तोच मधला भाग रंगवायचा आहे, पण निवड कोणत्या गटातून होते आहे ते बदलल्यामुळे नमुना अवकाश, म्हणजे छेदस्थानी येणारा संपूर्ण गट, बदलतो.

‘पैकी’, ‘मधून’, ‘असल्यास’, ‘हे माहीत असताना’ असे शब्द दिसले की सशर्त संभाव्यतेचा, म्हणजे एखादी अट पूर्ण झाली आहे असे धरून काढायच्या संभाव्यतेचा, प्रश्न समोर आहे असे समजावे. अशा वेळी दिलेल्या अटीबाहेरचा आकृतीचा सगळा भाग पेन्सिलीने हलका काट मारून बाद करावा. द्राक्ष बागायतदारांची अट असेल तर फक्त कांदा घेणारे ३५ आणि बाहेरचे १५ बाद होतात, उरलेले ७० हाच नवा नमुना अवकाश असतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही काट मारण्याची सवय मला अधिक भरवशाची वाटते, कारण सूत्रात कोणती घटना वर आणि कोणती खाली हे परीक्षेच्या घाईत उलटे होते. ३/७ च्या जागी ६/१३ येते आणि दोन्ही संख्या एकपेक्षा लहान असल्यामुळे शंकाही येत नाही.

टक्केवारीच्या प्रश्नांत हीच चूक वेश पालटून येते. नाशिकच्या इंदिरानगरमधील एका गृहसंकुलात २०० घरे आहेत; ६० टक्के घरांत दुचाकी आहे, ३५ टक्के घरांत चारचाकी आहे आणि दुचाकी असलेल्या घरांपैकी २५ टक्के घरांत चारचाकीही आहे, असे समजा. येथे २५ टक्के हे २०० घरांचे नसून १२० घरांचे आहेत, म्हणून सामाईक भाग ३० घरांचा होतो. चारचाकी असलेली घरे ७०. एकही वाहन नसलेली घरे २०० − १२० − ७० + ३० = ४०, म्हणजे संभाव्यता १/५. जो २०० घरांचे २५ टक्के काढून मधोमध ५० लिहितो, त्याला ६० घरे आणि ३/१० असे दिसायला निर्दोष उत्तर मिळते. अशा उदाहरणांत टक्के थेट आकृतीत न लिहिता आधी प्रत्येक टक्केवारीची संख्या करून घ्यावी.

तीन वर्तुळे

तीन संच आले की आकृतीचे आठ भाग होतात आणि चुकीला जागाही वाढते. नाशिकच्या एका महाविद्यालयातील १०० विद्यार्थ्यांना विचारले असता ५२ जणांनी काळाराम मंदिर, ४५ जणांनी पांडवलेणी आणि ४० जणांनी गंगापूर धरण पाहिलेले आहे. मंदिर व लेणी २२ जणांनी, लेणी व धरण १८ जणांनी, मंदिर व धरण २० जणांनी आणि तिन्ही ठिकाणे १० जणांनी पाहिलेली आहेत, असे धरू.

‘मंदिर व लेणी २२ जणांनी’ या संख्येत धरणही पाहिलेले १० जण आहेत. म्हणून मध्यभागी १० लिहिल्यावर मंदिर-लेणी या पाकळीत (फक्त त्या दोन वर्तुळांच्या सामाईक भागात) २२ न लिहिता १२ लिहायचे, लेणी-धरण पाकळीत ८ आणि मंदिर-धरण पाकळीत १०. त्यानंतर फक्त मंदिर: ५२ − १२ − १० − १० = २०; फक्त लेणी: ४५ − १२ − ८ − १० = १५; फक्त धरण: ४० − १० − ८ − १० = १२. सातही भागांची बेरीज ८७ येते, म्हणून एकही ठिकाण न पाहिलेले १३ जण उरतात. सूत्राने (तीन वर्तुळांची बेरीज, वजा जोड्यांची बेरीज, अधिक तिन्हींचा सामाईक भाग) पडताळा घेतला तर १३७ − ६० + १० = ८७ हेच मिळते. शेवटचे अधिक १० विसरणारे पुष्कळ असतात. मधले दहा जण पहिल्या बेरजेत तीनदा मोजले जातात, मग वजाबाकीत तीनदाच काढून टाकले जातात, आणि म्हणून त्यांना एकदा परत घ्यावे लागते.

पाकळीत चुकून २२, १८ आणि २० तसेच लिहिले, तर फक्त लेणी पाहिलेल्यांची संख्या ४५ − २२ − १८ − १० = −५ येते आणि चूक तिथेच उघडी पडते. मात्र नेहमीच असे घडेल असे नाही. याच उदाहरणात मंदिराच्या वर्तुळाची वजाबाकी त्या चुकीच्या आकड्यांनीही ५२ − २२ − २० − १० = ० अशी सुरळीत होते, आणि जो विद्यार्थी मंदिरापासून सुरुवात करतो त्याला काही काळ सारे ठीक वाटते. उलट, प्रश्नातच ‘फक्त मंदिर आणि लेणी’ असे म्हटले असेल तर तो आकडा पाकळीचाच असतो आणि त्यातून मधले १० वजा करणे ही चूक ठरते. तसेच ‘नेमकी दोन ठिकाणे’ पाहिलेले १२ + ८ + १० = ३० आहेत, तर ‘किमान दोन ठिकाणे’ पाहिलेले ४०.

सामाईक भाग दिलेला नसताना गुणाकार करणे

दोन घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार करून छेद संचाची संभाव्यता मिळते, हे फक्त स्वतंत्र घटनांसाठी, म्हणजे एक घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नाही अशा घटनांसाठी, खरे आहे. आपल्या गावात ७०/१२० आणि ६५/१२० यांचा गुणाकार करून, त्याला १२० ने गुणून दोन्ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या काढली तर सुमारे ३७.९ येते, प्रत्यक्षात ती ३० आहे. येथे द्राक्षे आणि कांदा या घटना स्वतंत्र नाहीत. सामाईक संख्या दिलेलीच नसेल तर इतकेच खात्रीने सांगता येते की ती किमान ७० + ६५ − १२० = १५ आणि कमाल ६५ असेल.

स्वतंत्र घटना आणि एकाच वेळी न घडणाऱ्या घटना यांची गल्लतही वारंवार होते. पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो बदाम असणे आणि तो राजा असणे या घटना स्वतंत्र आहेत: १३/५२ × ४/५२ = १/५२, आणि बदामचा राजा खरोखर एकच आहे. म्हणून बदाम किंवा राजा मिळण्याची संभाव्यता १३ + ४ − १ = १६ वरून १६/५२ = ४/१३. बदाम असणे आणि इस्पिक असणे यांची वर्तुळे मात्र एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. त्यांचा सामाईक भाग शून्य आहे, आणि पत्ता बदामचा आहे हे कळताच तो इस्पिकचा नाही हे निश्चित होत असल्यामुळे या घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत.

विभाज्यतेच्या प्रश्नांत सामाईक भाग लसाविने काढावा. १ ते ६० क्रमांकांच्या चिठ्ठ्यांतून ४ किंवा ६ ने विभाज्य क्रमांक येण्यासाठी १५ + १० − ५ = २० चिठ्ठ्या अनुकूल आहेत, कारण सामाईक भागात १२ च्या पटी येतात. ४ × ६ = २४ धरून फक्त दोन वजा केले तर २३ येतात.

दोन शेतकरी एकापाठोपाठ निवडायचे असतील तर आकृती तीच राहते, पण दुसऱ्या निवडीच्या वेळी एक जण कमी झालेला असतो. दोघेही दोन्ही पिके घेणारे असण्याची संभाव्यता ३०/१२० × २९/११९ = २९/४७६ आहे. एक जण फक्त द्राक्षे आणि दुसरा फक्त कांदा घेणारा हवा असेल तर दोन्ही क्रम मोजावे लागतात: २ × ४० × ३५ ला १२० × ११९ ने भागून १०/५१ मिळते. यातला २ चा गुणक विसरला की उत्तर बरोबर निम्मे येते.

चार संचांचा प्रश्न आला तर चार वर्तुळे काढू नयेत. चार संचांना १६ भाग लागतात आणि चार वर्तुळे कशीही काढली तरी जास्तीत जास्त १४ भाग होतात, त्यामुळे दोन गटांना आकृतीत जागाच मिळत नाही. जॉन वेनने १८८० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यानेही चार संचांसाठी लंबवर्तुळे वापरली होती. परीक्षेत लंबवर्तुळे काढत बसण्यापेक्षा चार ओळी आणि चार स्तंभांचे कोष्टक आखावे. पहिल्या दोन संचांच्या होय-नाहीच्या चार जोड्या ओळींत आणि उरलेल्या दोन संचांच्या चार जोड्या स्तंभांत लिहिल्या, की सोळाही घरे मिळतात.