जेवल्यावर दोन-तीन तासांनी हात थरथरतात?

सकाळी चहा-बिस्किटांवर निघालं, की अकराच्या सुमाराला हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो आणि समोरच्यावर उगाच डाफरलं जातं. गोड किंवा मैद्याचं पटकन रक्तात उतरतं, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर खाली घसरते. हे बहुधा खाल्ल्यापासून चार तासांच्या आत होतं.

पोहे सोडायचं कारण नाही, त्यांची सोबत बदला. वर मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी, बाजूला दही किंवा उकडलेलं अंडं. जेवताना आधी कोशिंबीर, उसळ. भात शेवटी आणि बेताचा. मधल्या वेळी फुटाणे. जिलबी खायचीच तर पोटभर जेवणासोबत, उपाशीपोटी उसाचा रस मात्र नको. खरी पंचाईत उपवासाची: साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तिच्यात दाण्याचं कूट सढळ हातानं घाला, शिवाय वाटीभर दही घ्या.

त्रास सुरू झालाच तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. 15 मिनिटांत बरं वाटलं, की पोळी-उसळ खा. नुसत्या साखरेवर राहिलात तर पुन्हा घसरण. ग्लुकोमीटर असेल तर साखर पिण्याआधी बोट टोचून आकडा लिहून ठेवा. 70 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेल तर कारण दुसरंच असू शकतं, तेही त्यांनाच विचारा. मधुमेहाचं औषध चालू असेल, जठराची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर आधी डॉक्टर. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.