आधी चिकटवायला शिका: ऑर्गनच्या दुरुस्तीत येणाऱ्यांसाठी

वाद्यदुरुस्ती शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांना पहिल्याच आठवड्यात सूर लावायचे असतात. मी त्यांना आधी सरस शिजवायला बसवतो. जुन्या ऑर्गनचं, म्हणजे पायाने भाता मारायच्या पेटीचं, निम्मं दुखणं सुटलेल्या सांध्यांत आणि उचललेल्या पापुद्र्यांत असतं. ते नीट केल्याशिवाय सुरांना हात लावण्यात अर्थ नाही.

आपल्या संगीत नाटकांना साथ करणारे हे ऑर्गन मुख्यतः बाहेरून आलेले. अमेरिकेतल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले, पण ती १९६० मध्ये बंद झाली. त्यामुळे सुटा भाग मागवू म्हणायची सोय नाही. समोर आहे तेच जपायचं. ज्या पेट्यांच्या फळ्यांवर अक्रोडाचं किंवा ओकचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असतं, ते जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने बसवलेलं असतं. पावसाळ्यात लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दमट हवेत सरस मऊ पडतो आणि कडेपासून पापुद्रा उचलायला लागतो.

तक्रार मात्र वेगळीच येते: ‘मध्यमावर झरझर आवाज येतो.’ रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी धातूची जीभ, काढायची घाई करू नका. एकाला तो सूर धरायला सांगा आणि तुम्ही फळ्यांवरून बोटं दाबत फिरा. जिथे दाबल्यावर झरझर थांबते, तिथलंच व्हिनिअर सुटलेलं आहे. नखाने टकटक केलं की पोकळी किती पसरली आहे ते कळतं. खडूने तिची हद्द आखून ठेवा.

आता सरस. रात्री थंड पाण्यात भिजत घाला, सकाळी पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा, साधारण ६० अंशांपर्यंत. उकळू द्यायचा नाही, जोर जातो. ब्रशवरून काकवीसारखा सलग ओघळला की झाला. पापुद्र्याखालची धूळ पातळ पात्याने काढा. जुना सरस जागीच राहिला तरी चालतो, नवा त्याला धरतो. पांढऱ्या गोंदाचा हाच दोष आहे: वाळलेल्या थरावर दुसरा थर नीट धरत नाही आणि पुढच्या कारागिराला सांधा उघडता येत नाही. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. शंभर वर्षांच्या वाद्यावर परत उघडता येणारा सांधाच हवा, या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

मध्येच फुगा असेल तर लाकडाच्या रेषेबरोबर धारदार पात्याने चीर द्या, आडवी कधीच नाही. सरस आत सरकवा, मधून कडेकडे दाबत जास्तीचा बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसा. वर मेणकागद, त्यावर कोमट केलेला सपाट ठोकळा, मग क्लॅम्प. ठोकळा थंड असेल तर दाब बसायच्या आत सरस गोठतो. एक पूर्ण दिवस हात लावू नका.

बोटांनी दाबायच्या पट्ट्यांवरचे पांढरे तुकडे हे वेगळं काम आहे. आधी ते कशाचे आहेत ते ओळखा. बोटाने जोरात घासून वास घ्या: कापराचा वास आला तर सेल्युलॉईड. ते भसकन पेट घेतं, त्याच्या आसपास इस्त्री, मेणबत्ती, विडी काही नको. ॲसिटोनने ते विरघळतं. दोन तुकड्यांचा जोड आणि बारीक नैसर्गिक रेषा दिसल्या तर बहुधा हस्तिदंत. आपल्याकडे त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, म्हणून निघालेला प्रत्येक तुकडा मागे पट्टीचा नंबर लिहून डबीत ठेवा. हस्तिदंतातून खालचा रंग दिसतो, त्यामुळे मळकट सरस चालत नाही. बसवताना शेजारच्या पट्ट्यांना सरळ मोजपट्टी लावून पुढची कड जुळवा. केसाएवढा फरकही वाजवणाऱ्याच्या बोटाला लागतो.

शिकायचं कुठे? एखाद्या पेटीवाल्याकडे बसाच, पण त्याआधी काही महिने चांगल्या सुताराकडे काढा. पटाशीला धार लावणं, लाकडाची रेषा वाचणं तिथे हाताला लागतं. गणपतीच्या आधी भजनी मंडळांच्या हातपेट्या येतात, त्यावर घरखर्च निघतो. व्हिनिअरचं काम मात्र त्या दिवसांत घेऊ नका. फुगलेल्या लाकडावर बसवलेला पापुद्रा हिवाळ्यात फाटतो. गिऱ्हाईक अडून बसलं तर सुटलेली जागा कागदी चिकटपट्टीने नुसती धरून द्या आणि दिवाळीनंतरची तारीख ठरवा. चिकटपट्टी पॉलिशवर लावताना आधी कोपऱ्यात तपासा, जुनं पॉलिश तिच्याबरोबर निघून येऊ शकतं.