बॅटरचे महिनावार आणि प्रसंगवार आकडे वाचायचे कसे

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि एप्रिल संपायच्या आत लोक निकाल लावून मोकळे होतात. अमुक बॅटर संपला, तमुकला आता कोणी थांबवू शकत नाही, हा थंडीत खेळूच शकत नाही, तो बेसवर रनर असले की पेटतो. समालोचक असं बोलतात, फँटसी लीगवाले ते ऐकून खेळाडू विकतात, आणि या सगळ्याला आधार असतो पंचवीस-तीस सामन्यांच्या एका तक्त्याचा. महिना किंवा प्रसंगानुसार आकडे वेगळे मांडणारे हे तक्ते, म्हणजे स्प्लिट्स, मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्यांत खरी माहिती असते, पण ती बाहेर काढायचा एक क्रम आहे. तो पाळला नाही तर तक्त्यातून हवं ते सिद्ध करता येतं.

ॲव्हरेज, ऑन-बेस, स्लगिंग तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. क्रिकेटकडून बेसबॉलकडे वळलेल्यांनी इतकंच लक्षात ठेवावं की .३०० म्हणजे दहा ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांत) तीन हिट, आणि ते फार चांगलं असतं.

पायरी १. तक्ता काढा

बेसबॉल-रेफरन्स किंवा फॅनग्राफ्सवर खेळाडूच्या पानावर स्प्लिट्स उघडा. एका वर्षाचा तक्ता आणि पूर्ण कारकिर्दीचा तक्ता, दोन्ही शेजारी ठेवा.

पायरी २. ॲव्हरेजआधी ॲट-बॅट बघा

१६२ सामन्यांच्या हंगामात रोज खेळणाऱ्या बॅटरच्या वाट्याला महिन्याला साधारण ९० ते १०० ॲट-बॅट येतात. बेस भरलेले असतानाचे तर वर्षभरात मूठभरच. ज्या ओळीत ॲट-बॅट पन्नासच्या खाली आहेत ती ओळ मी वाचतच नाही. दिवसाचे सामने, रात्रीचे सामने, मंगळवारचे सामने हे रकानेही सोडून द्या.

पायरी ३. त्याच प्रसंगात बाकीच्या लीगने काय केलं ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एप्रिलमध्ये शिकागो, क्लीव्हलंड, मिनिआपोलिसला कडाक्याची थंडी असते. थंड हवा दाट असते आणि फटका कमी अंतर कापतो. तापमान १० अंश फॅरनहाइटने वाढलं की ४०० फुटांचा फटका साधारण तीन फूट पुढे जातो, आणि भिंतीजवळ तीन फूट म्हणजे झेल आणि होमरन यांच्यातला फरक. त्यामुळे एप्रिलपेक्षा जुलैत सगळ्यांचेच होमरन वाढतात. एखाद्याचा जुलै चांगला गेला तर तो लीगच्या जुलैपेक्षा किती चांगला गेला, हा प्रश्न आहे.

दडपणाच्या प्रसंगांत गोष्ट आणखी नाजूक होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर असताना सगळ्या लीगचं ॲव्हरेज किंचित वर जातं. कारणं साधी आहेत. रनर बेसवर चढलेत याचा अर्थ समोरचा पिचर बहुधा सरासरीहून कच्चा आहे किंवा त्याचा दिवस वाईट चाललाय, आणि सॅक्रिफाइस फ्लाय (बॅटर झेलबाद होतो, पण रनर धाव पूर्ण करतो असा फटका) ॲट-बॅटमध्ये मोजली जात नाही. याउलट सातव्या इनिंगपासूनच्या अटीतटीच्या प्रसंगांत, ज्याला तक्त्यात लेट अँड क्लोज म्हणतात, सगळ्यांचंच ॲव्हरेज घसरतं, कारण तेव्हा माउंडवर ताजातवाना, ताशी शंभर मैलांच्या आसपास टाकणारा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, असतो. दोन्ही प्रसंग दडपणाचेच, पण मोजपट्ट्या उलट दिशेला सरकलेल्या. पहिल्या रकान्यातलं .२८० आणि दुसऱ्यातलं .२५० शेजारी ठेवून कोणी ‘हा शेवटी ढेपाळतो’ म्हणाला, तर पुढचं ऐकू नका.

पायरी ४. आकडा त्याच्या घराकडे ओढा

सगळी मेख इथे आहे. मी सगळ्यात जास्त काळ याच पायरीवर अडकून होतो, आणि मला कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नशिबाचा वाटा किती असतो ते मोजायला शिका. ॲव्हरेजला एक वजा ॲव्हरेजने गुणा, ॲट-बॅटने भागा, वर्गमूळ काढा. .२७० चा बॅटर आणि १०० ॲट-बॅट घेतले तर उत्तर येतं .०४४, म्हणजे ४४ पॉइंट. काहीही बदललेलं नसताना, तोच बॅटर, तीच बॅट, अशा शंभरच्या गटांत तीनपैकी साधारण दोन वेळा तो .२२६ ते .३१४ च्या दरम्यान राहील. वीसपैकी एकोणीस वेळांची हद्द धरली तर .१८२ ते .३५८. पुन्हा वाचा. .१८२ दिसला की वर्तमानपत्रं त्याला बाकावर बसवायला सांगतात आणि .३५८ दिसला की करार वाढवायला सांगतात. दोन्ही एकाच माणसाच्या एकाच कौशल्यातून निघू शकतात.

आता हंगामातले सहा महिने घ्या. महिन्याला ९० ॲट-बॅट धरले तर नशिबाचं माप ४७ पॉइंट येतं. सहापैकी किमान एक महिना त्याहून जास्त वर किंवा खाली जाण्याची शक्यता जवळजवळ ९० टक्के आहे. म्हणजे प्रत्येक बॅटरच्या तक्त्यात एखादा ‘भयंकर मे’ किंवा ‘जबरदस्त ऑगस्ट’ सापडणारच. तो सापडला म्हणून काही कळलं असं होत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भात सगळा एकत्र शिजलेला असतो. ॲट-बॅट तसे शिजत नाहीत, प्रत्येक वेगळा.

मग करायचं काय? आकडा टाकून द्यायचा नाही, ओढायचा. माझी रीत अशी. प्रसंगातल्या ॲट-बॅटमध्ये बॅटरच्या कारकिर्दीच्या ॲव्हरेजचे ९०० ॲट-बॅट मिसळायचे. समजा .२७० चा बॅटर रनर स्कोअरिंग पोझिशनला (म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर) असताना १०० ॲट-बॅटमध्ये ३५ हिट घेतो, .३५०. नऊशेचे .२७० ने होतात २४३ हिट. २४३ आणि ३५ मिळून २७८, भागिले १०००. उत्तर .२७८. ऐंशी पॉइंटांच्या गाजावाजातून हाती आले आठ पॉइंट. पुढच्या वर्षी त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती .२७८ ची.

नऊशे हा कामचलाऊ आकडा आहे आणि मी तो सढळ हाताने वापरतो. दडपणाच्या प्रसंगांसाठी तर तो कितीतरी मोठा घ्यायला हवा. रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ साली १९६९ आणि १९७० हे दोन हंगाम ताडून पाहिले, तेव्हा पहिल्या वर्षी मोक्याच्या क्षणी चमकलेले बॅटर दुसऱ्या वर्षी पुन्हा तसेच चमकले असं काही दिसलं नाही. त्यानंतर मोठ्या माहितीवर झालेल्या कामात थोडासा फरक सापडतो, पण तो इतका बारीक असतो की एखाद्या खेळाडूवर बोट ठेवून सांगता येत नाही.

हे पटायला जड जातं, मला माहीत आहे, कारण आठवणी आकड्यांपेक्षा बळकट असतात. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे ऑक्टोबरमधल्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात रेगी जॅक्सनने तीन वेगवेगळ्या पिचर्सच्या पहिल्याच पिचवर तीन होमरन मारले. तो कायमचा मिस्टर ऑक्टोबर झाला, आणि वर्ल्ड सिरीजमधलं त्याचं .३५७ खरंच आहे. पण ते ९८ ॲट-बॅटचं. त्याच ऑक्टोबर महिन्यांत, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या लीग चॅम्पियनशिप फेऱ्यांत त्याचं ॲव्हरेज .२२७ आहे. डेव्हिड ऑर्टिझने २०१३ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध २२ ॲट-बॅटमध्ये फक्त २ हिट घेतले (त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे बेस भरलेले असतानाचा होमरन, होता, म्हणून बाकीचे वीस कोणाला आठवत नाहीत) आणि लगेच पुढच्या वर्ल्ड सिरीजमध्ये १६ पैकी ११. माणूस तोच, महिना तोच. डेरेक जीटरचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्याने पोस्टसीझनचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, १५८ सामने खेळले, जवळजवळ एक अख्खा हंगाम. एवढे ॲट-बॅट साठले तेव्हा ॲव्हरेज आलं .३०८. नियमित हंगामात त्याचं .३१० होतं.

उलट्या बाजूने अन्याय जास्त होतो. डेव्ह विनफिल्डने १९८१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये २२ पैकी १ हिट घेतला आणि पुढे त्याच्याच संघमालकाने, जॉर्ज स्टाइनब्रेनरने, त्याला मिस्टर मे म्हणून हिणवलं. बावीस ॲट-बॅट! १९९२ मध्ये टोरोंटोकडून अकराव्या इनिंगमध्ये त्याच विनफिल्डच्या डबलने दोन धावा आल्या आणि वर्ल्ड सिरीज जिंकली गेली. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. एका आठवड्यावरून माणसाच्या छातीचं माप काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

संघांनाही हाच नियम लागतो. २०१३ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने रनर स्कोअरिंग पोझिशनला असताना .३३० चं ॲव्हरेज ठेवलं, एकूण ॲव्हरेज .२६९ असताना. त्यांना काहीतरी गुपित गवसलंय असं तेव्हा बरंच बोललं गेलं. पुढच्या वर्षी तोच आकडा .२५० च्या आसपास आला.

पायरी ५. जे फरक खरे असतात ते वेगळे काढा

डावा-उजवा फरक खरा आहे. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो, कारण चेंडू त्याच्यापासून दूर वळतो. इथे ओढताना शून्याकडे ओढू नका, लीगमधल्या नेहमीच्या फरकाकडे ओढा. डावखुऱ्या बॅटरसाठी साधारण हजार आणि उजव्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडे जास्त प्लेट अपिअरन्स (वॉक वगैरे धरून बॅटिंगच्या सगळ्या पाळ्या) मिसळावे लागतात.

मैदानही खरं. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे, हवा विरळ आणि आउटफील्ड अफाट. टॉड हेल्टनचं कारकिर्दीतलं ॲव्हरेज घरच्या मैदानावर .३४५, बाहेर .२८७.

काउंटचा, म्हणजे किती बॉल आणि किती स्ट्राइक झालेत त्याचा, फरक सगळ्यात मोठा. दोन स्ट्राइक झाल्यावर आजची लीग .१७० च्या आसपास बॅटिंग करते. पण इथे एक सापळा आहे: पहिल्या पिचवरचं ॲव्हरेज सगळ्यांचंच भरघोस दिसतं, कारण पहिल्या पिचवर स्विंग चुकला किंवा फाउल झाला तर ॲट-बॅट संपतच नाही. मोजले जातात ते फक्त मैदानात गेलेले चेंडू. तेवढ्यावरून पोरांना ‘पहिल्याच पिचवर मारा’ असं शिकवणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. ते शिकवणं थांबवावं.

पायरी ६. हिट सोडून दुसरं काय हललं ते बघा

ॲव्हरेज स्थिर व्हायला एक हंगामही पुरत नाही, पण स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक प्लेट अपिअरन्समध्ये बोलायला लागतं आणि वॉकचं (चार बॉल पडल्यावर मिळणारा फुकट बेस) सव्वाशेच्या आत. २०१५ पासून स्टॅटकास्ट या मोजणी-यंत्रणेमुळे बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेगही मिळतो. २०२४ मध्ये ॲरन जजचं एप्रिलअखेरचं ॲव्हरेज .२०७ होतं, पण ऑन-बेस (वॉक धरून बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) .३४० होतं, म्हणजे नजर शाबूत होती. मे महिन्यात त्याने १४ होमरन मारले आणि वर्ष .३२२ व ५८ होमरनवर संपवलं. २००६ मध्ये डेट्रॉइटच्या क्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होमरन मारले. पूर्ण वर्षाचे झाले १६, आणि जुलैअखेर त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं.

दुखापतही याच पायरीवर तपासा. कार्डिनल्सच्या त्याच २०१३ च्या संघातला ॲलन क्रेग रनर स्कोअरिंग पोझिशनला असताना .४५४ वर होता आणि पुढच्या वर्षी पूर्ण कोसळला. त्यातला बराच भाग नशीब परतण्याचा, पण सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच्या पायाला दुखापतही झाली होती. कारण डोळ्यांसमोर असेल तर फक्त गणित करत बसू नका.

पायरी ७. निर्णय घ्या

नवव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे, दुसऱ्या बेसवर रनर, समोर उजवा रिलीव्हर, आणि बाकावर दोन पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर: एक डावखुरा, कारकिर्दीत .२७५, यंदा स्कोअरिंग पोझिशनला .२१०. दुसरा उजवा, कारकिर्दीत .२५०, यंदा स्कोअरिंग पोझिशनला .३४०. डावखुऱ्याला पाठवा.