हेलिकॉप्टर वैमानिकांची पाठदुखी: या चुका टाळा

जुहूहून बॉम्बे हायच्या फेऱ्या मारणारा वैमानिक असो की नाशिकला आर्मी एव्हिएशनचे धडे गिरवणारा अधिकारी, पाठ धरली की ठपका थरथरीवरच येतो. ठपका खोटा नाही, पण तिथेच थांबणं ही पहिली चूक. १९८४ साली अमेरिकी सैन्याच्या फोर्ट रकर इथल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी यूएच-१ हेलिकॉप्टरची सीट आणि कंट्रोल थरथरणाऱ्या मंचावर बसवले आणि वैमानिकांना दोन-दोन तास तिथे बसवलं. एकदा थरथर चालू ठेवून, एकदा बंद करून. दुखणं दोन्ही वेळा सारखंच आलं.

म्हणजे आधी बैठक बघायची. डावा हात खाली कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा), उजवा मांड्यांमधल्या सायक्लिकवर (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा), पाय नाक वळवणाऱ्या पेडलवर. उजवा हात मांडीवर टेकवला तर सायक्लिक बोटांनी अलगद धरता येतो, पण त्यासाठी धड पुढे वाकतं. कलेक्टिव्ह त्याला डावीकडे ओढतो. कमरेचा बाक सपाट होतो आणि पाठीचे स्नायू सुटत नाहीत ते उतरेपर्यंत.

यात भर घालणारी चूक सीट लावतानाच होते. बाहेरचं नीट दिसावं म्हणून सीट वर घेतली की कलेक्टिव्ह आणखी खाली जातो आणि डावा खांदा उतरतो. त्यापेक्षा बूड सीटच्या पाठीला भिडवा, मग पेडल जवळ घ्या, उंची शेवटी. काही हेलिकॉप्टरांत सीट हलतच नाही. तिथे पेडल आणि कमरेच्या खळगीतला पातळ आधार एवढंच हाती असतं. दोघे वैमानिक असाल तर कंट्रोल आलटून पालटून घ्या.

घरून जाड फोमची गादी आणू नका. मऊ फोम संथ थरथर कमी करण्याऐवजी वाढवू शकतो. शिवाय हेलिकॉप्टर आपटलं तर शरीर आधी फोममध्ये रुततं आणि मग सीटवर जोरात आदळतं. तो मार थेट मणक्यावर. धक्का शोषण्यासाठी खाली सरकणारी सीट असेल, तर तिच्याखाली बॅग कोंबणंही तितकंच घातक.

आता थरथर. यूएच-१चा मुख्य रोटर मिनिटाला ३२४ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५.४. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेत सेकंदाला ४ ते ६ कंपनांना सर्वाधिक साथ देतं. त्यामुळे फेऱ्यागणिक एकदा येणारा हिसका किरकोळ समजू नका. वर-खाली उसळत असेल तर पात्यांचं ट्रॅकिंग (सगळी पाती एकाच पातळीत फिरणं), आडवं हलत असेल तर रोटरचा बॅलन्स किंवा डॅम्पर (पात्यांची हालचाल दाबणारा भाग), पेडलमध्ये बारीक झिणझिण येत असेल तर टेल रोटर, असा पहिला अंदाज बांधता येतो. ‘हे मशीन असंच आहे’ म्हणून सोडून न देता किती वेगाला आणि कोणत्या टप्प्यात जाणवतं ते टेक लॉगमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरच्या बिघाडांच्या नोंदवहीत, लिहा. नुसतं ‘व्हायब्रेशन जास्त’ लिहिलं तर इंजिनिअरने शोधायचं कुठे?

मेडिकलमध्ये अडकू या भीतीने गप्प बसणारे बरेच. उड्डाणानंतर काही तासांत ओसरणारं दुखणं बहुधा स्नायूंचं असतं. पण ते पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाऊल लुळं पडत असेल तर उड्डाण थांबवून डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर थेट इमर्जन्सीत. आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊन कॉकपिटमध्ये बसू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.