मराठी मुलाखती उतरवायला लॅपटॉप कसा निवडला

गावाकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या मुलाखती मी रेकॉर्ड करते. त्या इंटरनेटविना, घरच्या मशीनवरच मजकुरात उतरवायच्या होत्या. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं परक्या सर्व्हरवर चढवणं मला पटत नाही. म्हणून २०२२ साली ओपनएआयनं मोफत खुलं केलेलं व्हिस्पर हे बोलणं मजकुरात उतरवणारं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याचं ‘स्मॉल’ मॉडेल चालायचं, पण मराठीची पार वाट लागायची. सगळ्यात मोठं ‘लार्ज’ मॉडेल लावलं की मशीन अडकून बसायचं.

दुकानात जो तो प्रोसेसरचंच कौतुक सांगत होता. खरी मेख ग्राफिक्स कार्डच्या स्वतःच्या मेमरीत आहे. मूळ व्हिस्परमध्ये ‘लार्ज’ला सुमारे १० जीबी व्हीरॅम (म्हणजे हीच कार्डची मेमरी) लागते, ‘मीडियम’ला ५. एवढ्या मेमरीचे लॅपटॉप माझ्या बजेटबाहेर होते. तोडगा निघाला तो फास्टर-व्हिस्पर या व्हिस्परच्याच वेगवान रूपामुळे. त्यात तेच मॉडेल ८ बिटमध्ये, म्हणजे त्यातले आकडे कमी जागेत साठवून, चालवता येतं आणि मेमरी खूपच कमी लागते. मग ६ जीबीचं कार्ड (कार्डवर हे काम चालवायला एनव्हिडियाची कुडा ही प्रणाली हवी, म्हणून एनव्हिडियाचंच), १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघून लॅपटॉप घेतला.

आता ‘लार्ज’ न अडखळता चालतं. चार्जर लावूनच काम करायचं, बॅटरीवर वेग पडतो. भाषा आधीच मराठी ठरवून द्यायची, नाहीतर कधीकधी ते हिंदी धरून बसतं. शिवाय ‘पाभर’, ‘कुळव’, ‘मोट’ असे शब्द सुरुवातीच्या प्रॉम्प्टमध्ये (म्हणजे आधीच द्यायच्या सूचक मजकुरात) लिहून दिले की ते बऱ्यापैकी बरोबर उमटतात.