तांबड्या रानात स्फुरद देताना

पेरणी तोंडावर आली की सुपर फॉस्फेटच्या, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताच्या, गोण्या बांधावर येऊन पडतात. जमीन तांबडी आणि आम्लधर्मी असेल, तर हे खत रानभर फोकू नका. मातीला तांबडा रंग देणारे लोहाचे ऑक्साइड आणि त्यांच्या जोडीचे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड फॉस्फेटला नुसते चिकटवून ठेवत नाहीत, तर त्याच्याशी थेट रासायनिक बंध जोडतात. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण १० ते २५ टक्केच मिळतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

हा बंध सैल करतात सेंद्रिय आम्लं. सायट्रिक आम्लात कार्बोक्सिल गट (आम्लाचे धातूला धरणारे हात) तीन, ऑक्झॅलिकमध्ये दोन. या गटांनी ती ऑक्साइडवर फॉस्फेटचीच जागा धरतात आणि फॉस्फेट मातीच्या पाण्यात सुटतं. सायट्रेट तर पृष्ठभागावरचं लोहच कवेत घेऊन बाहेर काढतं. ॲसेटिक आम्लाला एकच गट, त्यामुळे त्याची पकड ढिली. म्हणून रानात व्हिनेगर ओतण्याच्या फंदात पडू नका. इथे आंबटपणापेक्षा पकड महत्त्वाची. शिवाय मातीतले जिवाणू ही आम्लं काही तासांत, फार तर काही दिवसांत खाऊन टाकतात. ती मुळाशेजारी सतत तयार होत राहिली, तरच उपयोग.

तेव्हा ही आम्लं मुळाशेजारी मिळत राहावीत म्हणून सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळा आणि बियाण्याच्या बाजूला व खाली साधारण ५ सेंटिमीटरवर पडेल असं पेरा. दोन चाड्यांची पाभर असेल तर हे काम सोपं होतं. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, त्यामुळे खत मुळाच्या वाटेवर असलेलंच बरं. कच्चं शेण मात्र नको.

स्फुरद विरघळवणारे जिवाणूही अशीच आम्लं सोडतात. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक लावा, जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवा. क्रम उलटा झाला तर संवर्धकाचे पैसे मातीत.

आंतरपिकाचा विचार असेल तर तूर घ्या. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं आणि लोहाला बांधलेला स्फुरद मोकळा होतो.

चुनखडीच्या काळ्या रानात मात्र स्फुरदाला मुख्यतः कॅल्शियम अडवतं, तिथलं गणित निराळं. माती तपासायला देताना आम्लधर्मी जमिनीसाठी स्फुरद मोजण्याची ब्रे पद्धत सांगा. ओल्सेन पद्धत चुनखडीच्या आणि विम्ल जमिनींसाठी आहे.