जुन्या स्की बोटीचे इंजिन पेट्रोल जास्त ओढते आणि लवकर सुरू होत नाही, तेव्हा तपासणी कोणत्या क्रमाने करावी

अमेरिकेतील सरोवरांवर 1980 च्या दशकात बांधलेल्या स्की बोटी (पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने ओढणाऱ्या बोटी) आजही मोठ्या संख्येने चालतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने जुनी बोट विकत घेतली तर ती बहुधा याच पिढीतली असते. या लेखासाठी करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक ही बोट डोळ्यांसमोर ठेवली आहे. त्या काळातील अशा अनेक बोटींमध्ये फोर्डचे 351 विंडसर हे आठ सिलिंडरांचे, 5.8 लिटरचे इंजिन आणि त्यावर होली 4160 हा चार बॅरलचा कार्बोरेटर असे. प्लग काळेकुट्ट होणे, एक्झॉस्टमधून काळा धूर येणे, बोटीच्या मागच्या बाजूवर काजळी साचणे आणि बराच वेळ सेल मारल्याशिवाय इंजिन न उचलणे ही लक्षणे एकत्र दिसली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या मिक्स्चर स्क्रूकडे (आयडलवर पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूकडे) जातो. माझे ठाम मत असे आहे की त्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा, कारण मूळ दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो आणि स्क्रू फिरवल्याने तो फक्त झाकला जातो.

कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेची तयारी पूर्ण करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये साठून राहते; म्हणून इंजिनाचे झाकण उघडावे, किमान चार मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा आणि तळाशी वास येत नाही याची खात्री करूनच किल्ली फिरवावी. अग्निशामक हाताशी असावा. बोट ट्रेलरवर असेल तर पंपाला पाणी मिळण्याची सोय केल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण कोरड्या पंपातील रबरी इम्पेलर अगदी थोड्या वेळात जळतो. पेट्रोल जास्त ओढणारे इंजिन कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडते, त्यामुळे इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये.

पहिला प्रश्न असा, की त्रास इंजिन थंड असताना होतो की गरम असताना. सकाळी थंड इंजिन उचलत नसेल, पण एकदा सुरू झाल्यावर दिवसभर व्यवस्थित चालत असेल, तर संशय चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी पाती), बॅटरी आणि ठिणगीवर घ्यावा. सकाळी पटकन सुरू होणारे इंजिन धावून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबले आणि नंतर उचलेनासे झाले, तर बंद असताना कार्बोरेटरमधून पेट्रोल आत ठिबकत आहे असे समजावे. दोन्ही वेळा त्रास होत असेल तर ठिणगीपासून सुरुवात करावी.

ठिणगी कमजोर असली की आत आलेले पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि प्लग काळे होतात. दिसायला तो दोष कार्बोरेटरचाच वाटतो. सेल मारताना बॅटरीचा दाब 9.6 व्होल्टच्या खाली उतरत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या जाड तारांचे जोड दुरुस्त करावेत. त्यानंतर पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर आणि प्लगच्या तारा तपासाव्यात. तारा काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण यातील अनेक बोटींची इंजिने उलट्या दिशेने फिरतात आणि त्यांचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम मोटारीतील 351 च्या क्रमाच्या उलटा असतो. सुटे भाग सागरी वापराचेच घ्यावेत. मोटारीच्या दुकानातील स्वस्त स्टार्टर किंवा डिस्ट्रिब्युटर बाहेरून तसाच दिसत असला, तरी त्यातील ठिणगी बिल्जमधील वाफेपर्यंत पोहोचू शकते.

यानंतर हवेचा मार्ग तपासावा. कार्बोरेटरवरील फ्लेम अरेस्टर (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) तेल आणि धुळीने बुजला की हवा कमी पडते आणि मिश्रण दाट होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. तो काढून धुवावा, वाळवावा आणि परत बसवावा. त्याच्याशिवाय बोट चालवणे धोक्याचे आहे आणि अमेरिकेत बेकायदाही आहे.

चोक तपासण्यासाठी थंड इंजिनावर थ्रॉटल एकदा पूर्ण ढकलून मागे घ्यावा. चोकची पाती बंद झाली पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत ती हळूहळू उघडून पूर्ण उभी राहिली पाहिजे. ती अर्धवटच उघडत असेल तर इंजिन चालू असताना विद्युत चोकच्या टोकावर व्होल्टमीटर लावावा. येथे एक दोष वारंवार आढळतो: आधीच्या कोणीतरी चोकची तार सोयीसाठी कॉइलच्या धन टोकाला जोडलेली असते, तिथे रेझिस्टरमुळे पूर्ण 12 व्होल्ट मिळत नाहीत, चोक फार सावकाश तापतो आणि इंजिन बराच वेळ पेट्रोल ओढत राहते. दाब योग्य असूनही पाती उघडत नसेल तर चोकच्या टोपीचे तीन स्क्रू सैल करून ती एका वेळी एकच खूण फिरवावी. थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) उघडाच अडकला आहे का, हेही याच वेळी पाहावे, कारण सरोवराच्या थंड पाण्यावर चालणारे इंजिन कधी तापलेच नाही, तर पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि प्लगवर काजळी धरते.

आता पेट्रोलचा पंप. बोटीच्या यांत्रिक पंपापासून कार्बोरेटरकडे एक पारदर्शक नळी जाते, आणि तिचे काम पंपाचा डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटल्याची सूचना देणे हे आहे. या नळीत पेट्रोल दिसले तर बाकी सर्व तपासणी थांबवून पंप बदलावा. डायफ्रॅम फाटल्यावर बाहेर आलेले पेट्रोल बिल्जमध्ये न सांडता याच नळीतून कार्बोरेटरमध्ये जाते आणि मिश्रण दाट करते. नळी कोरडी असेल तर दाब मोजावा. तो 7 पीएसआयच्या वर गेला तर कार्बोरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, तो अडवू शकत नाही.

कार्बोरेटरची खरी पाळी येथे येते. तापलेले इंजिन बंद करून अरेस्टर काढावा आणि टॉर्चच्या उजेडात वरून आत पाहावे. मधल्या नळ्यांतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची पातळी जास्त आहे, नीडलखाली कचरा अडकला आहे, किंवा इंजिनाच्या उष्णतेने बाउलमधील (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतील) पेट्रोल उकळत आहे. बाउलच्या बाजूचा छोटा स्क्रू काढल्यावर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेशी दिसावे. हे पाहताना इंजिन बंद आणि थंड असावे व खाली फडके धरावे. पातळी बरोबर असूनही गरम इंजिनावर ठिबकणे थांबत नसेल, तर कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड गॅस्केट बसवावे आणि बोट थांबल्यावर झाकण थोडा वेळ उघडे ठेवावे. तोपर्यंत असे इंजिन सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून थ्रॉटल अर्धा उघडा धरावा व पंप न करता सेल मारावा.

पॉवर व्हॉल्व्हची (इंजिनावर भार आल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेची) परीक्षा सोपी असूनही ती फार थोडे लोक करतात. तापलेले इंजिन आयडलवर असताना दोन्ही मिक्स्चर स्क्रू किती फेरे आत जातात हे मोजत हलक्या हाताने पूर्ण आत घ्यावेत. इंजिन बंद पडले पाहिजे. ते तसेच चालू राहिले तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे: एक तर बॅकफायरमुळे पॉवर व्हॉल्व्हचा डायफ्रॅम फाटला आहे, किंवा आयडल स्क्रूने थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा ठेवला आहे. नवा व्हॉल्व्ह त्याच क्रमांकाचा घ्यावा. 65 क्रमांकाचा अर्थ तो पाऱ्याच्या 6.5 इंच निर्वाताला उघडतो. त्यानंतरच मिक्स्चर स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून व्हॅक्युम गेज सर्वाधिक स्थिर वाचन दाखवेपर्यंत जुळवावेत.

सर्व काही ठीक असूनही काजळी राहत असेल तर सरोवराची उंची विचारात घ्यावी. फ्लोरिडात समुद्रसपाटीवर नीट चालणारी बोट कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरील टाहो सरोवरावर नेली, तर सुमारे 6,200 फुटांवरील विरळ हवेत तेच जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी कार्बोरेटरमधील छिद्रे) हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देतात. दर 2,000 फुटांमागे जेट एका क्रमांकाने लहान करणे हा तिथला सर्वमान्य हिशेब आहे. मात्र बोट खाली परत आणल्यावर जुने जेट न विसरता बसवावेत, नाहीतर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळू शकतात.

दुरुस्ती झाल्यावर डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्यावा. त्याला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल, तर बेअरिंग वाचवण्यासाठी पाण्यात उतरण्याआधीच तेल आणि फिल्टर बदलावेत. नंतर नवे प्लग घालून बोट स्की ओढण्याच्या वेगाने काही मिनिटे चालवावी, त्या वेगातच इंजिन बंद न करता वेग कमी करून थांबावे, आणि थंड झाल्यावर सर्व आठ प्लग ओळीने मांडून पाहावेत. सगळे फिकट तपकिरी असतील तर काम झाले. एखाददुसराच काळा असेल तर त्या सिलिंडरची तार आणि कॉम्प्रेशन तपासावे.